खान्देशातलं मैदानी खेळांचं ऑनलाइन मासिक: कामाच्या नोंदी

2 जुलै 2024, जळगाव

ठरलं एकदाचं. अंक महिन्याला एक, ऑनलाइन, वाचायला फुकट, आणि फक्त मैदानी खेळांचा. धावणं, उड्या, फेकी, चालणं. क्रिकेट नाही, कबड्डी नाही. नाना आमच्यातले सगळ्यात जुने, निवृत्त पी.टी. शिक्षक. त्यांनी विचारलं, "कुस्तीबी नको म्हणता, मग खान्देशात वाचणार कोण?" प्रश्न रास्त आहे. उत्तर अजून कुणाकडेच नाही.

सुरुवातीला पेपरातली जुनी कात्रणं पसरून बसलो. सगळ्यांचा साचा एकच. मथळा 'घवघवीत यश', खाली संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, मार्गदर्शक, आणि या वरातीच्या शेवटी पहिला आलेला मुलगा. तो किती सेकंदांत पळाला हे एकाही कात्रणात नव्हतं. दुसरा आलेला तर जन्मालाच आला नसावा. आपण काय करायचं ते इथंच ठरलं: नावापुढे आकडा, आणि आकड्यापुढे तो कसा मोजला ते.

अमळनेरच्या सहकारीने (शाळेत गणित शिकवते, संध्याकाळी पोरींना पळवते) तक्ता आखला. नाव, जन्मवर्ष, गाव, प्रकार, कामगिरी, हातघड्याळ (हाताने दाबायचं स्टॉपवॉच) की विद्युत (कॅमेऱ्याची वेळ), वारा, मैदान कसलं, तारीख. वाऱ्याचा रकाना वर्षभर रिकामा राहणार, हे तिलाही ठाऊक आहे. तरी ठेवलाय.

8 जुलै

काल पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) 8:09.91 पळाला. सहावा आला, पण स्वतःचाच 8:11.20 चा राष्ट्रीय विक्रम मोडला. तो जुना विक्रम 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतला, जिथं त्याला रौप्य मिळालं होतं.

नानांचं म्हणणं, साबळे बीडचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आपल्या अंकात त्याचं काय काम? वाद झाला. शेवटी एक वाट निघाली: बाहेरची बातमी घ्यायची ती आपल्या मैदानावर काही उपयोगाची असेल तरच. बर्मिंगहॅमची शर्यत तशी आहे. केनियाचा अब्राहम किबिवोट 8:11.15 मध्ये जिंकला, साबळे 8:11.20. मधलं अंतर पाच शतांश. आता ही शर्यत आपल्या जिल्हा स्पर्धेत झाली असती तर? हातघड्याळाची वेळ नियमाने पुढच्या दशांशावर नेतात. म्हणजे 8:11.15 चे झाले 8:11.2, आणि 8:11.20 तर आहेतच 8:11.2. दोघांची वेळ एक. सोनं कुणाचं, ते रेषेवर बसलेल्या पंचांच्या नजरेवर. लेखाचा विषय मिळाला.

21 जुलै

मैदान मोजायला गेलो होतो. गावाचं नाव अंकातही देणार नाही, कारण गोष्ट त्या एका गावाची नाहीच.

पोलीस भरतीची पोरं पहाटे साडेचारला तिथं येतात. अंधारात मोबाइलच्या उजेडात पळतात. सगळ्यांच्या तोंडी 'हे दोनशेचं ग्राउंड आहे'. कुणी मोजलं, कधी मोजलं, पत्ता नाही. कुणीतरी कधीतरी फक्की मारली, नंतरच्याने त्याच फक्कीवर फक्की मारली, वळणं दर पावसाळ्यात आत सरकत गेली.

स्टीलची टेप, चार खुंट्या, सुतळी. फायबरची टेप घेतली नाही, ती ओढली की लांबते. आतल्या कडेला उंच कठडा असेल तर त्यापासून 30 सेंटिमीटर बाहेर मोजतात. नुसती चुन्याची रेघ असेल तर 20 सेंटिमीटर बाहेर. इथं रेघच होती. 20 धरून मोजलं तर फेरी 192 मीटर भरली.

भरतीत मुलांना 1600 मीटर असतं, 50 पैकी 20 गुण त्याचे (बाकी 15 गुण 100 मीटरचे, 15 गोळ्याचे). 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण गुण, पुढे उतरत जातात. या मैदानावर आठ फेऱ्या मारणारा पोरगा 64 मीटर कमी पळतो. त्याच वेगाने खरे 1600 पळाला तर जवळजवळ 13 सेकंद जास्त लागतील. वर्षभर तो समजतो आपण 5:10 चे, आणि भरतीच्या दिवशी निघतो 5:23 चा. मग घरी सांगतो, त्या दिवशी पाय चालले नाहीत.

हे त्या पोरांना सांगितलं. एक जण चिडलाच. "आजपर्यंत सगळे इथंच पळाले ना भाऊ, लागलेबी ना ते?" लागले, खरं आहे. ज्यांचा नंबर लागला नाही, ते परत ग्राउंडवर येऊन सांगत नाहीत.

नवी रेघ त्यांच्याच हातून आखून घेतली. पहिल्या अंकाचा मुख्य लेख हाच: स्वतःचं मैदान स्वतः कसं मोजावं. साधनांचा खर्च, खुंट्या कुठं ठोकायच्या, अर्धवर्तुळाचा मध्य कसा काढायचा, सगळं फोटोंसह. शहाद्याच्या फोटोवाल्या मित्राला म्हटलं, धावणाऱ्यांचे फोटो नंतर काढ, आधी खुंटीचे काढ. तो अजून नाराज आहे.

9 ऑगस्ट

दोन जागरणं. काल मध्यरात्रीनंतर स्टीपलचेसची फायनल, साबळे 8:14.18, अकरावा. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या या शर्यतीची फायनल गाठणारा पहिला भारतीय. रात्री भालाफेक. अर्शद नदीम 92.97, ऑलिम्पिक विक्रम. नीरज चोप्रा 89.45, रौप्य. नीरजच्या सहापैकी पाच फेकी फाउल गेल्या, वैध ठरली ती एकच दुसरी.

यावर आपण लिहायचं नाही असं ठरवलं. सगळं जग लिहितंय. फक्त एक चौकट: पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा, महिलांचा 600 चा, आणि आपल्या भागात शाळेच्या कपाटात जो असतो त्याचं टोक वेल्डिंग करून बसवलेलं असेल तर तो स्पर्धेत का चालत नाही. नानांनी कपाटातला भाला आणून दाखवला. त्याची दोरी सुटून सुतळी गुंडाळली होती.

12 ऑगस्ट

कानबाई, खान्देशातला श्रावणातला देवीचा सण. काम बंद. सगळे आपापल्या भाऊबंदांत, रोट खायला. कुणी फोन उचलला नाही, मीही नाही.

14 सप्टेंबर, शालेय स्पर्धा

तालुका झाला की जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आपला विभाग नाशिक. जळगाव, धुळे, नंदुरबारची पोरं तिथं नाशिकच्या पोरांशी भिडतात. नाशिककडे कविता राऊतपासूनची परंपरा आहे. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये 10,000 मीटरचं कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूला आशियाई रौप्य. आपल्याकडे असं नाव नाही. पण तिथं पोचण्याआधीच पोरं कुठं गळतात, ते पाहायचं होतं, म्हणून जिल्ह्याच्या स्पर्धेला दिवसभर बसलो.

सकाळी नऊचं उद्घाटन साडेअकराला झालं. पाहुणे उशिरा, मग सत्कार, मग मशाल. पहिली शर्यत लागली तेव्हा ऊन डोक्यावर. 3000 मीटरची पोरं सव्वाबाराला पळाली. एकाला सावलीत आडवं करावं लागलं. त्याच्या शाळेच्या सरांनी ओला टॉवेल मानेवर ठेवला, बरं केलं. लांबच्या शर्यती सकाळी आठच्या आत, सत्कार नंतर, हे संपादकीयात लिहायचंच.

आता वेळ मोजण्याचं. स्टार्टर तिकडे 100 मीटरवर उभा, हातात लाकडी क्लॅप. इकडे शेवटच्या रेषेवर घड्याळवाले मान खाली घालून, कान लावून. आवाज आला की बटण. आवाजाला 100 मीटर यायला सेकंदाचे जवळजवळ तीन दशांश लागतात. तेवढी वेळ प्रत्येक पोराला फुकट मिळते. नियम डोळ्यांचा आहे: पिस्तुलाचा धूर दिसला, चमक दिसली की घड्याळ चालू. क्लॅप असेल तर त्याच्या फळ्या मिटताना बघायचं. तीन घड्याळं असावीत. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी निघाली तर मधली. इथं घड्याळ एकच, तेही पहिल्या नंबरावर. बाकीच्यांना नुसता क्रमांक.

पहिल्याची वेळ जाहीर झाली 11.2. टाळ्या. माझ्या वहीत हिशेब: आवाजाचे 0.3 मिळवा, 11.5. हातघड्याळाची 100 मीटरची वेळ विद्युत वेळेशी ताडताना 0.24 मिळवतात (400 ला 0.14), म्हणजे 11.7 च्या पुढे. सतरा वर्षांच्या पोराला मुरमावर, अनवाणी 11.7 म्हणजे चांगलंच आहे. लाज वाटावी असं त्यात काही नाही. पण तो 11.2 डोक्यात धरून विभागाला जाणार, तिथं सिंथेटिक ट्रॅकवर कॅमेऱ्यात 11.8 दिसणार, आणि त्याला वाटणार आपण ढेपाळलो.

शर्यतीनंतर चौथा आलेला पोरगा जवळ आला. सातपुड्यातल्या, पावरी बोलणाऱ्या धडगावकडचा असावा असं वाटलं, पण बोलला अहिराणी. "भाऊ, मना टाइम कितला लागना?" मी फोनवर चित्रीकरण केलं होतं, सेकंदाला 60 चौकटींचं, क्लॅप आणि रेषा दोन्ही दिसतील असं आडवं धरून. चौकटी मोजून त्याला सांगितलं: 11.9 च्या आसपास. त्यानं ते तळहातावर पेननं लिहून घेतलं. सरांनी हाक मारली तसा पळाला.

चित्रीकरणाची वेळ यादीत धरायची का, यावर रात्री बराच काथ्याकूट. धरायची, पण वेगळ्या खुणेनं, आणि दशांशापर्यंतच.

16 सप्टेंबर

निकालाच्या याद्या हाती आल्या. अर्ध्या व्हॉट्सॲपवर काढलेले फोटो, तेही तिरपे. काही श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात) टाइप केलेल्या, युनिकोडमध्ये आणल्या की 'र्य' चं काहीतरी तिसरंच होतं. एकच मुलगी तालुक्याला 'वसावे', जिल्ह्याला 'वसावा'. एका शाळेतून एकाच नावाचे दोन पावरा, एक लांब उडीत, एक गोळ्यात. ते दोघं की एकच, हे ठरवायला शाळेत फोन.

याहून अवघड गोष्ट वेगळी. यादीवर पोरांची पूर्ण जन्मतारीख, कधी आधार क्रमांकही असतो, आणि ते फोटो गटागटांतून फिरतात. आपण जन्मवर्षापलीकडे काही छापायचं नाही. 2023 चा व्यक्तिगत माहितीचा कायदा 18 च्या खालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि पालकांची संमती मागतो; त्याचे नियम सप्टेंबर 2024 पर्यंत आले नव्हते. नियम येवोत न येवोत, संमतीचा कागद छापून घेतलाय. मराठीत, एका पानाचा. अहिराणी आणि पावरीत तोंडी समजावून सांगायचं काम त्या त्या गावच्या सरांवर. बहुतेक आईबापांचा प्रश्न एकच: पेपरमध्ये नाव येणार तर पैसे किती भरायचे? पैसे नाहीत म्हटल्यावर संशयाने पाहतात.

3 ऑक्टोबर

पैसे. होस्टिंग, डोमेन, एसटीचं भाडं, टेप. आतापर्यंत खिशातून. जाहिराती दोन ठिकाणांहून आल्या.

पहिली भरती अकादमीची. त्यांना जाहिरातीसोबत 'आमच्या मुलांच्या वेळा' असा तक्ता हवा होता, त्यांनीच दिलेल्या वेळांचा. नाही म्हटलं. तक्त्याशिवाय जाहिरात द्या म्हटलं तर तेच नको म्हणाले.

दुसरी डब्यातल्या पावडरीची. सहकारी म्हणाली, घ्यायचा प्रश्नच नाही, आणि तिच्याशी मी सहमत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) 2022 च्या आकडेवारीत भारताचे 3,865 नमुने तपासले गेले, 125 आक्षेपार्ह निघाले, 3.2 टक्के. दोन हजारांवर नमुने देणाऱ्या देशांत सगळ्यात वाईट प्रमाण. उत्तेजकांच्या नियमात अंगात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. डब्यावर लिहिलं नव्हतं, दुकानदारानं दिलं, सरांनी दिलं, यातलं काही चालत नाही. ज्या पोराला डब्यावरचं इंग्रजी वाचता येत नाही त्याच्यासमोर तीच जाहिरात ठेवायची? कळण्याची भाकरी आणि भुईमुगाच्या शेंगा यांची जाहिरात कुणी देत नाही, ही अडचण आहे.

तूर्त वाचकांकडून ऐच्छिक वर्गणी. कुणी किती दिली ते अंकात दर महिन्याला, नावाशिवाय, फक्त एकूण बेरीज.

20 ऑक्टोबर

लांब उडी. नियमानं माप टेक-ऑफच्या रेषेपासून वाळूतल्या सगळ्यात जवळच्या खुणेपर्यंत, रेषेला काटकोनात, आणि सेंटिमीटरच्या खाली उरलं ते सोडून द्यायचं. वेळ वर नेतात, उडी खाली आणतात; दोन्हीकडे फायदा खेळाडूला नाही. नाना हे पोरांना बरोबर समजावतात.

पण आधी वाळू हवी. खड्ड्यात मुरमाड माती. पाठीमागे टेकलेला हात उमटतच नाही, मग माप पायापासून घेतात आणि उडी वीस-तीस सेंटिमीटरनं वाढते. गिरणेची वाळू ट्रॅक्टरांनी बंगल्यांत गेली, शाळेच्या खड्ड्याला एक ब्रास मिळेना. शेवटी एका पालकानं घराच्या बांधकामातून उरलेली दिली. चाळून टाकली, पाणी मारलं. पोरांनी खड्डा बघून आधी त्यात लोळून घेतलं.

1 नोव्हेंबर

दिवाळी. आजपासून जागतिक ॲथलेटिक्सचा बुटांचा नवा नियम: ट्रॅकवर धावण्याच्या सगळ्या शर्यतींना बुटाचा तळवा जास्तीत जास्त 20 मिलिमीटर. आधी 800 आणि त्यापुढे 25 चालायचा. चार ओळींत बातमी दिली. आपल्या यादीतले बरेच जण तळव्याशिवायच पळतात, आणि अनवाणी पळायला नियमाची आडकाठी नाही. अबेबे बिकिलानं 1960 ची रोम ऑलिम्पिक मॅरेथॉन तशीच जिंकली. पण त्याचं कौतुक सांगून पोरांना बूट न देण्याची सोय होऊ नये, म्हणून बिकिला चौकटीतून काढला. जुने स्पाइक्स गोळा करून देण्याची सूचना टाकली. मापं लिहून पाठवा म्हटलं तर निम्म्यांनी पावलाचा कागदावर काढलेला आकार पाठवला. तेच जास्त कामाचं.

24 नोव्हेंबर

निवडणूक झाली, काल निकालही लागले. महिनाभर मैदानावर सभा. फक्की गेली, मंडपाच्या खांबांचे खड्डे राहिले, हेलिकॉप्टरसाठी मुरूम दाबला तो तेवढा कडक. सगळ्या पक्षांनी समान वापरलं, तक्रार कुणाची करणार. खड्डे पोरांनी बुजवले. मैदान परत मोजलं, जुलैच्या खुंट्या दोन सापडल्या.

15 डिसेंबर, शहादा

काल दत्त जयंती. सारंगखेड्याच्या घोडेबाजारामुळे तापीच्या पुलावर गाड्यांची रांग. फोटोवाला मित्र गाडीतून उतरून घोड्यांचे फोटो काढत बसला. अंकात घेणार नाही म्हटलं तरी.

आज तोरणमाळ. तिथं 'हाय अल्टिट्यूड ट्रेनिंग सेंटर' व्हावं अशी मागणी मधून मधून ऐकू येते, म्हणून लिहायचं होतं. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर. उंचीचा जो सराव म्हणतात तो साधारण 1,800 ते 2,500 मीटरवर होतो, तिथं हवेत ऑक्सिजन विरळ असतो, म्हणून काही आठवड्यांत शरीर तांबड्या पेशी वाढवतं. साबळेनं जिथं सराव केला ते अमेरिकेतलं कोलोराडो स्प्रिंग्ज 1,800 च्या वर, आपल्याकडचं उटी 2,200 च्या वर. अकराशेवर तो परिणाम मिळायचा नाही. मग तोरणमाळला काय आहे? एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळला 44 अंश असताना इथं सकाळी सात वाजता माणसासारखं पळता येतं. यशवंत तलावाभोवतीचा रस्ता आहे, चढ आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक साधं शिबिर, तंबू आणि डाळ-भात, इतकं पुरे. गंमत म्हणजे 1000 मीटरच्या वर केलेल्या कामगिरीपुढे आकडेवारीच्या याद्यांत उंचीची खूण लावतात. इथं कुणी 100 मीटर पळाला तर आमच्या यादीतही लागेल.

इथल्या पोरांना मात्र 'सराव' वेगळा सांगावा लागत नाही. एक मुलगी शाळेला रोज डोंगर उतरून येते. तिच्यावर 'निसर्गाने घडवलेली' छापाचा लेख लिहायचा मोह झाला होता, सहकारीने तो मसुदा पाहूनच हाणून पाडला. "तिचा 600 मीटरचा टाइम लिही." लिहिला.

5 जानेवारी 2025

वर्षाची यादी चढवली. प्रत्येक प्रकारात पहिले दहा, जिथं दहा भरले तिथं. कल्पना नवी नाही. अमेरिकेत 1948 पासून निघणाऱ्या 'ट्रॅक अँड फील्ड न्यूज' मासिकानं वार्षिक क्रमवारीवरच नाव कमावलं. 110 मीटर अडथळ्यांत आपली यादी रिकामी. तिकडे छत्रपती संभाजीनगरच्या तेजस शिरसेनं मे 2024 मध्ये फिनलंडला 13.41 चा राष्ट्रीय विक्रम केला, आणि इथं पूर्ण दहा अडथळे कुठल्या मैदानाकडे आहेत ते शोधतोय. नियमाचा अडथळा 1.067 मीटर उंच, धावणाऱ्याचा धक्का लागला की पडणारा. शाळांत आहेत ते बांबूचे, जमिनीत रोवलेले. त्यावर पोराचा गुडघा फुटतो, अडथळा हलत नाही.

दुपारपासून फोन. एका वडिलांना मुलाचे 11.2 हवेत, यादीत 11.7 का? तासभर समजावलं. नाही पटलं. यादी तशीच आहे, खाली मोजणीची पद्धत दिली आहे. दुसरा फोन यादीत नववी आलेल्या मुलीच्या मामांचा. आठवी कोण, कुठल्या गावची, तिची उडी किती, तेवढंच विचारलं आणि ठेवला.

गोळ्याची यादी अजून अडकलीय. 18 खालच्या मुलांचा गोळा 5 किलोचा, 20 खालच्यांचा 6, खुल्या गटाचा 7.26. निकालावर वजन कुठंच नाही, आणि गंजून, घासून काही गोळे हलके झालेले असणार. केळीच्या व्यापाऱ्याकडे ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. नानांनी बोलून ठेवलंय, ट्रक भरून झाले की रविवारी चार शाळांचे गोळे तिथं तोलायचे. रिक्षा सांगितली आहे, पोतं आपलं न्यायचं.